आवाजाची प्रत

कीर्तनकार माणूस गळ्याच्या ऑपरेशनला आला की हॉस्पिटलातसुद्धा त्याची बातमी होते. उचगावचे आकाराम महाराज शाहूपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात भरती झाले, तेव्हा लिफ्टवाल्यापासून झाडलोट करणाऱ्या मावशीपर्यंत सगळे आळीपाळीनं येऊन त्यांच्या पायाला हात लावून गेले. करवीर, हातकणंगले, कागल, कुठल्याही गावात सप्ताह बसला की महाराजांचं एक कीर्तन ठरलेलं. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना सांगायला नको. मृदंग थांबायचा, टाळ हातातल्या हातात दाबले जायचे, आणि मग ते बारीक आवाजात एकच ओळ अशी आळवायचे की मागं चहाच्या घंगाळ्यापाशी उभा असलेला माणूससुद्धा खाली बसायचा.

त्या गळ्यालाच कर्करोगानं धरलं. स्वरयंत्र काढायचं आणि श्वास घ्यायला मानेला एक भोक ठेवायचं. माणूस वाचतो, बोलणं मात्र गेलं ते गेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. नाकातली नळी निघाली, पेज घशाखाली उतरायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. सोडायच्या आदल्या सकाळी हॉस्पिटलातली अनुजा त्यांचा क्लेम जुळवायला बसली.

महाराजांचा उपचार सरकारी आरोग्य योजनेतला होता. रुग्णाकडून एक पैसा घ्यायचा नाही. हॉस्पिटलनं केलेल्या उपचाराचा खर्च सरकारकडं मागायचा, त्या मागणीला क्लेम म्हणायचं. ती मागणी पुढं जायच्या आधी अनुजाच्या हाताखालून जायची. जे लिहिलंय ते झालंय का, आणि जे झालंय तेवढंच लिहिलंय का, एवढंच ती बघायची. ऐकायला सोपं वाटतं. पण कीर्तनात मागं उभ्या टाळकऱ्यांपैकी एकाचा ठेका जरा सरकला तरी जसा जाणत्याला कळतो, तसा तिला कागदांचा ठेका कळायचा. नसलेल्या इंजेक्शनवर ती बोट ठेवायची आणि गाळलेल्या रक्ताच्या बाटलीवरही.

कागद सगळे जुळले. राहिला व्हिडिओ. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला पाच प्रश्न विचारून त्याचा व्हिडिओ करायचा आणि तो क्लेमला जोडायचा, अशी त्यांच्याकडं पद्धत होती. योजनेच्या खिडकीवर बसणाऱ्या सम्राटनं तो केला होता आणि बघायचं काम अनुजावर टाकून दिलं होतं. तिनं कानाला हेडफोन लावले.

खाटेवर महाराज बसलेले. वरती पंखा घरघरतोय. आवाज बसका, चिरका, तरीही लय धरून चाललेला.

"नाव सांगा," सम्राट म्हणाला.

"आकाराम. लोक म्हाराज म्हणत्यात, ते लिहू नगा."

"गाव?"

"उचगाव. ये की कवातरी काल्याला. दहीकाला मिळंल."

"कसलं ऑपरेशन आहे, माहिती आहे का?"

"माहिती हाय की. पांडुरंगानं दिल्यालं वाद्य त्यानं परत मागितलंय. वाजवलं बी लई, झिजलं म्हणायचं."

"सोबत कोण आहे?"

इथं महाराज अडखळले. "सोबत व्हय... मंडळी हाईत."

"नाव लागतं, महाराज. नाव आणि नातं."

जुन्या वळणाचा माणूस. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्यांना अंगावरचं उपरणं काढून ठेवल्यासारखं झालं असणार. त्यांनी एका बाजूला मान वळवली. तिकडं कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"विठा," ते म्हणाले. "अगं विठा, लांब का उभारलीस? ये हिकडं." मग पुन्हा समोर बघून, "विठाबाई. माझी बायको."

पदर सावरत एक म्हातारी खाटेच्या कडेला येऊन उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडं न बघता भिंतीकडं बघत राहिली.

"हॉस्पिटलनं पैसे मागितले का? तुम्ही कुणाला दिले का?"

"मागितलं न्हाईत कुणी. पर दिलं की!" महाराज मोकळे हसले. "डॉक्टरसाहेबास्नी नारळ आन् पाकीट दिलं. आनंदानं दिलं. बिदागी मागनं द्यायची रीत हाय, पर मागनं मला चार शब्द बोलता येणार न्हाईत. मुक्यानं कसं द्यायचं? म्हणून आदीच दिली."

व्हिडिओ संपला. अनुजानं हेडफोन काढले.

या माणसानं जन्मभर एकच व्यवहार पाहिला होता. कीर्तन झालं की गावकरी ताटात नारळ, पाकीट ठेवायचे, दोन गोड शब्द बोलायचे, महाराज कपाळाला लावून घ्यायचे. ती त्यांच्या लेखी किंमत नव्हती, मान होता. डॉक्टर आपल्यासाठी एवढं करतोय, त्याला मान नको? योजनेच्या भाषेत मात्र याला नाव एकच, रुग्णाकडून पैसे घेतले.

ती उठून ऋषभसरांच्या केबिनमध्ये गेली. ऋषभ हॉस्पिटलचा व्यवस्थापक. मनानं वाईट नव्हता. पण योजनेच्या नोटिशीचं नाव काढलं की त्याला ॲसिडिटी व्हायची. त्यानं व्हिडिओ बघितला आणि कपाळाला हात लावला.

"सम्राट झोपला होता काय?"

"त्याला वाटलं, महाराज गंमत करतायत."

"आता आपली गंमत होईल." ऋषभ टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यायला. "पुसून टाक. आधीचा व्हिडिओ खराब झाला म्हणून लिहू. उद्या सोडताना नवीन कर. बोलता येत नाही ना त्यांना? मग पाटीवर लिहून घे, 'पैसे दिले नाहीत'. झालं."

"दिलेत ते, सर."

"हॉस्पिटलला दिलेत का? डॉक्टरांना नारळ दिलाय."

"मी नारळाचं नाही म्हणत. पाकिटाचं म्हणतेय."

"अनुजा, चौकशी लागली आणि योजनेतून हॉस्पिटलचं नाव काढलं तर हे खाली रांगेत बसलेले लोक जायचे कुठं, सांग की."

रांग तिनंही बघितली होती. "पैसे परत करू," ती म्हणाली, "परत केल्याचा कागद करू, आणि जसं झालं तसं लिहून हाच व्हिडिओ पाठवू. आज पुसला, उद्या सम्राटच कुठंतरी बोलून गेला, मग काय सांगणार?"

ऋषभनं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"आणि सर... त्यात त्यांचा आवाज आहे. आता तो परत निघणार नाही."

"आवाजाचं काय घेऊन बसलीस? यूट्यूबवर ढीगभर कीर्तनं आहेत त्यांची." तरी पण तो उठला. "चल, त्यांनाच विचारू. लिहून देत असतील तर हा पुसायचा. नसतील तर तुझ्या पद्धतीनं."

वॉर्डात महाराज उशीला टेकून बसले होते. मानेला पांढरी पट्टी, मांडीवर एक पांढरी पाटी आणि मार्कर. शेजारी स्टुलावर विठाबाई मोसंबी सोलत होत्या. ऋषभनं वाकून नमस्कार केला आणि अगदी गोडीनं विषय काढला. योजनेत पैसे द्यायचे नसतात, तेव्हा आता तेवढं एक वाक्य पाटीवर लिहून धरा, व्हिडिओ करू, संपलं.

महाराजांनी मार्करचं टोपण काढलं. लिहिलं, "मी दिलेत की."

"हो, पण कुणी मागितले नव्हते ना?"

"नाही. मीच दिले."

"मग दिले नाहीत असंच धरा की."

महाराजांनी पाटी पुसली, मार्करला टोपण लावलं आणि हात जोडले.

"झालं," विठाबाई म्हणाल्या. "टोपण लावलं म्हंजे ह्यांचं कीर्तन संपलं बघा. आता तुमी डोस्कं फोडलंसा तरी न्हाईत लिवायचे."

अनुजा खाटेच्या पायथ्याशी बसली. "महाराज, मग ते पाकीट परत घ्यावं लागेल तुम्हाला. डॉक्टरांनी परत दिलं, तुम्ही घेतलं, असा कागद करायचा."

टोपण तडकन निघालं. या खेपेला अक्षरं मोठी आली. "दिलेलं परत? मी?"

"ते न्हाईत घ्यायचे गं पोरी," विठाबाईंनी मोसंबीची फोड खाली ठेवली. "उभ्या जन्मात न्हाय घेतलं. बिदागीत मिळाल्यालं जोंधळं बी वाटंत वाटत यायचे. मी चूल पेटवून वाट बघत बसायची, आन् हे रिकामं पोतं खांद्याव टाकून, हसत दारात! परत घेतलं म्हंजे दिल्यालं बाटलं, असं हाय ह्यांचं."

महाराजांनी होकाराची मान हलवली. डोळ्यांत थोडा मिस्कीलपणा होता, पण हलणार नाहीत हे स्पष्ट दिसत होतं.

"मग काकी, व्हिडिओ पुसावा लागेल," ऋषभ म्हणाला. "परत घेत नाहीत, तर त्यात बोललेलं हॉस्पिटलला ठेवता येत नाही."

"कसला व्हिडिओ?"

"ऑपरेशनच्या आधी घेतला होता तो. तुम्ही होता की त्यात."

विठाबाईंना आठवेना. अनुजानं हातातला टॅब त्यांच्यापुढं धरला आणि लावला. नाव झालं, गाव झालं, काल्याचं आमंत्रण झालं; म्हातारी मान डोलवत, ओठ मुडपत बघत होती. मग ते आलं. विठा. अगं विठा, लांब का उभारलीस? ये हिकडं.

विठाबाईंचा हात टॅबवर आला. चालू व्हिडिओवरच आला, त्यामुळं तो थांबला.

"हे... मला म्हणल्यात?"

"हो काकी."

"परत लाव."

अनुजानं परत लावला. या वेळी त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. कान तिकडं करून, डोळे मिटून बसल्या होत्या. सप्तपदीच्या वेळीसुद्धा मान एवढी खाली गेली नसेल.

"त्या दिशी ऐकलंच न्हाय गं मी," त्या म्हणाल्या. "भ्यालते. आत नेणार, काय हुतंय, काय न्हाय. पुढं ये म्हणले, म्हणून पुढं गेले आन् भिंतीकडं बघत उभारले. नाव घेतलं हे कानातच शिरलं न्हाय. इतकी वर्सं झाली लगीन हून, एकदा घेतलं, आन् मी बहिरी!"

"काकी, त्यांची कीर्तनं आहेत की फोनवर," ऋषभ हळू म्हणाला.

"ते समद्यांचं हाय, बाळ. तितं लोकास्नी मायबाप म्हणत्यात. लई गोड म्हणत्यात, मी बी ऐकते. पर तितं मला कवा हाक मारली? घरात 'अगं' म्हणायचे. नुसतं 'अगं'. गोठ्यातनं आवाज यायचा, अगं, पाणी तापलं का? ते कोण भरून ठेवतंय? कुणाला ठावं हुतं, 'अगं' सुद्धा संपतंय म्हणून."

महाराज पाटीकडं बघत होते. पाटीवर अजून ती मोठी अक्षरं होती.

विठाबाई नवऱ्याकडं वळल्या. "घ्या की ते पाकीट."

महाराजांनी मान हलवली. नाही.

"माझं म्हायार हुपरीचं. घराघरांत पैंजणं घडत्यात. आईचं हात चांदीनं काळं असायचं. मी कवा तुमास्नी पैंजण मागितलं? कानातलं मागितलं? तुमी दिऊन आलासा, मी बरं म्हणले. जोंधळं दिलंसा, बरं. लुगडं कुणाच्या लेकीला दिलंसा, बरं. आज मी मागते. एकदा घ्या. ह्यो आवाज मला ऱ्हाऊ दे."

वॉर्डात पलीकडच्या खाटेवरचं पोर रडत होतं, मावशी बादली ओढत होती. महाराज हलले नाहीत. मग त्यांनी पाटी उलटी करून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. कीर्तन संपल्यावर लोक प्रसादाला करतात तशी. हातांना कित्येक वर्षांची सवय होती ती देण्याची. ओंजळ धरतानाही बोटं उलटी वळायला बघत होती.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर उदयसिंहांना बोलावून आणलं. पाकीट त्यांच्या ड्रॉवरमध्येच होतं, चिकटवलेलं, न उघडलेलं. "चूक माझी," ते म्हणाले. "महाराजांच्या हातचं नको म्हणायला जीभ उचलली नाही. नंतर परत देऊ म्हणून ठेवलं, आणि राहून गेलं." त्यांनी ते दोन्ही हातांनी महाराजांच्या ओंजळीत ठेवलं. महाराजांनी कपाळाला लावलं आणि लगेच बायकोच्या हातात दिलं, जणू क्षणभरही जवळ नको.

अनुजा कागद लिहीत होती. "आणि नारळ, सर?"

डॉक्टर कानकोंडे झाले. "नारळ घरी गेला. त्याची... बर्फी झाली."

विठाबाई फस्सकन हसल्या. महाराजांचे खांदे हलायला लागले. हसू येत होतं, आवाज तेवढा येत नव्हता, मानेवरच्या पट्टीतून नुसती हवा सुटत होती.

"तेही लिहू?" अनुजानं विचारलं.

"लिही," ऋषभ म्हणाला. "बर्फी लिही. तुझ्या हातात कागद दिला म्हणजे काय सुटतंय होय?" आणि त्यानं खाली सही केली.

विठाबाईंना तो आवाज लगेच नेता आला नाही. क्लेमचा निकाल लागेपर्यंत त्यातली कुठलीच गोष्ट बाहेर द्यायची नाही, असा हॉस्पिटलचा नियम होता. पण ज्याचा व्हिडिओ त्यानं अर्ज केला, तर नंतर प्रत मिळते. महाराजांनी घरी जाताना स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. 'प्रत कोणास द्यावी' याच्यापुढं त्यांचं पेन जरा घुटमळलं. मग त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

त्यानंतर अनुजाला उचगावहून फोन यायला लागले. "काय गं पोरी, आलं का?" "अजून नाही, काकी." "बरं. काम चालू दे तुझं." पुन्हा काही दिवसांनी, "सहज केला हुता. म्हस व्यालीया. खरवस पाठवू का?... आन् ते न्हवं, आलं न्हाय न्हवं अजून?" एकदा नुसतंच विचारलं, "तुला ऐकाय मिळतंय का मधनंमधनं?" अनुजाला खोटं बोलवेना. "कधीतरी ऐकते, काकी." "नशीबवान हाईस."

चौकशीही आली. एक अधिकारी दोनदा येऊन गेले. डॉक्टरांना विचारलं, सम्राटला विचारलं, उचगावला जाऊन महाराजांनाही भेटून आले. येताना त्यांच्या हातात नारळ होता की नव्हता हे ऋषभनं लांबूनच वाकून बघितलं आणि नाही म्हटल्यावर हुश्श केलं. हॉस्पिटलला लेखी ताकीद मिळाली. क्लेम मंजूर झाला. खाली रांग होती तशीच राहिली.

ज्या दिवशी निकाल आला, त्याच्या पुढच्या रविवारी अनुजा स्वतःच उचगावला गेली. फोनवर पाठवता आलं असतं. तिला पाठवायचं नव्हतं.

दारात म्हैस बांधलेली, सोप्यात वीणा खुंटीला. महाराज आत पडले होते. "सांजंला देवळात जात्यात," विठाबाईंनी सांगितलं. "दुसऱ्याचं कीर्तन असलं की मागं वीणा घिऊन उभारत्यात. लोक म्हणत्यात, उभारलं तरी पुरं." त्यांनी हात पदराला पुसून मोबाईल पुढं केला. अनुजानं प्रत त्यात घातली, कुठं दाबायचं ते दाखवलं.

"काकी, हवं तर मधलं तेवढंच ठेवते. नाव घेतलेलं. सारखं सगळं लावायला नको. ही प्रत तुमचीच आहे."

विठाबाईंनी विचार केला. "आन् त्ये पाकिटाचं?"

"ते काढता येईल."

"नगं. तितं हसल्यात ते. 'दिलं की' म्हणल्यात बघ, तसं भांडणात बी म्हणायचे, काय कुणाला दिऊन आलं की. समदं ऱ्हाऊ दे. चुकल्यालं बी माझंच हाय."

त्या उंबऱ्याला टेकून बसल्या. फोन कानाला लावला, जसा कुणाचा खरंच आलाय तसा. पंख्याची घरघर, मग सम्राटचा प्रश्न, मग तो बसका आवाज. अनुजाला अंगणातून शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती. विठाबाईंचा दुसरा हात मांडीवर उघडा पडला होता. गाव झालं. दहीकाला झाला. वाद्य परत मागितल्याचं झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आता पुढचाच प्रश्न होता.

आतून चिपळी वाजली. एकदाच, टक्.

विठाबाईंनी डोळे उघडले. बोलणं गेल्यापासून महाराज हाक मारायला चिपळी वाजवत होते. फोनमध्ये ते अडखळले होते, सोबत, सोबत व्हय. विठाबाईंचं बोट पडद्यावर आलं आणि नावाच्या अलीकडंच त्यांनी तो थांबवला.

"थांब गं जरा," त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "बोलावत्यात."